काचपाणी

—नाही हो दादा, ओततेय कुठे? डबा हातात आहे, एवढंच. डबा हातात धरून उभं राहायची सवय झालीय मला, बाकी काही नाही. हा बघा, ठेवला खाली. झालं समाधान? आता तुम्हीही बसा जरा. त्या टायरवर बसा, खुर्ची नको — खुर्चीचा एक पाय गेलाय, आणि ती साहेबांची आहे. साहेब? साहेब आज येत नाहीत. सरकार पडलं की आमच्या साहेबांची कंबर धरते. मागच्या वेळी धरली होती, आता परत धरली. वर नवीन कुणी बसला की यांची कंबर सुटते, असा तो आजार आहे. तेव्हा आज इथे मी आणि तो शिपाई. बघा, तो काय करतोय — भिंतीवरची तसबीर उतरवतोय. फेकणार नाही तो, कपाटामागे ठेवेल, तोंड भिंतीकडे करून. आधीच्याची फेकली होती त्याने, आणि तो माणूस दोन वर्षांनी परत आला. नवीन तसबीर मागवायला किती धावपळ झाली बिचाऱ्याची. तेव्हापासून सगळे कपाटामागे. खिळा मात्र एकच आहे पहिल्यापासून.

ऐका, मला समजतंय तुमचं. सकाळी तुमची गाडी आत घेतली तेव्हा एक सरकार होतं. मी खालचं बूच काढलं, ऑइल उतरायला लागलं, ते पुरतं उतरेपर्यंत रेडिओवर बँड सुरू झाला — म्हणजे सरकार नव्हतं. आता तुमची गाडी आहे तशी अधांतरी, ऑइल काढलेली, काचपाणी न घातलेली. आणि तुम्ही म्हणता सरकारच नाही तर नियम कसला. दादा, नियम काय सरकारच्या बंगल्यात राहतो? ते गेले म्हणून हा पेटी घेऊन त्यांच्या मागे जाणार आहे? जुनी गाडी, तपासणीत धूर जास्त निघाला, की इथे आणायची, ऑइल काढायचं, त्याच्या जागी हे काचपाणी ओतायचं आणि इंजिन चालू करून सोडून द्यायचं. तापलं की आत काच धरते, आणि ते इंजिन जन्मात पुन्हा फिरत नाही. मालकाच्या समोर करायचं, हेही नियमातच आहे. एवढी सरकारं आली नि गेली, यातलं एक अक्षर कुणी हलवलं नाही. हलवलं ते फक्त कुणाला आत टाकायचं तेवढं.

हसू नका, खरंच सांगते. माझे पहिले साहेब — सरळ माणूस, डबासुद्धा वेळेवर खायचा. सरकार पडलं त्या दिवशी इथे रांग होती. ते म्हणाले, आपल्याला कुणी काही कळवलेलं नाही, आपण आपलं काम करायचं. ओतलं. सगळ्या रांगेत ओतलं. नवीन आले ते म्हणाले, जनतेच्या मालमत्तेचा नाश केला. आत. वर हुकूम काढला, सगळ्या गाड्या मालकांना सन्मानाने परत करा. आता काय परत करणार, आत काच. पण हुकूम तो हुकूम. लोक दोर घेऊन आले आणि मेलेल्या गाड्या ओढत घरी घेऊन गेले. एकाने दारात ठेवलीय अजून, रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसतो, काच खाली करतो, शेजाऱ्यांशी बोलतो. बायको चहासुद्धा गाडीतच देते. मग ते सरकार पडलं, तेव्हा दुसरे साहेब होते. ते शहाणे. म्हणाले, घाई नको, संध्याकाळपर्यंत बघू काय होतंय. थांबले. नवीन आले ते म्हणाले, आमची धुराशी तडजोड नाही, यांनी कामात कुचराई केली. आत. दोघं एकाच खोलीत होते म्हणे — एक ओतलं म्हणून, एक ओतलं नाही म्हणून. पत्ते खेळायचे दिवसभर. आता मला सांगा, आज साहेब घरी झोपलेत, डबा माझ्यापाशी, मी काय करावं?

राग येतो, नाही? मला यायचा. आता येत नाही, आता नुसते पाय दुखतात. ही तुमची गाडी, दारावर आतल्या बाजूला ती पट्टी बघितलीत? वाचता नाही येत ना? मलाही नाही. त्यांच्या भाषेत आहे, ज्यांचं राज्य होतं आपल्यावर. त्यांच्या रस्त्यावर धूर सोडते म्हणून त्यांनी काढून टाकली, बोटीत घातली, आपल्या बंदरात उतरवली, आणि आपण फडक्याने पुसून तिला नवी म्हटलं. मग कर्ज द्यायला त्यांचीच माणसं आली. रुमाल नाकाला लावून म्हणाली, काय हा धूर तुमच्याकडे, काहीतरी नियम करा. नियम त्यांच्या बॅगेतच होता, टाइप करून आणलेला. धूर मोजायचं ते यंत्रही त्यांचंच, आकडे सोडले तर त्यातलं एक अक्षर मला लागत नाही. माझे वडील सांगायचे, ते गेले त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर नाचलं होतं, वडिलांची एक चप्पल हरवली त्या नाचात. ती चप्पल गेली ती गेलीच, बाकी सगळं परत आलं बघा, बोटीने.

आणि आज सकाळी चौकातून रणगाडे गेले ते बघितलेत? धूर बघितलात? समोरचं दुकान दिसेना. मी सवयीने यंत्राकडे बघितलं — म्हटलं लावावी का नळी. पण लष्कराला सूट आहे. कलमच आहे तसं. सरकार पाडायला निघालात तर धूर माफ, पोरं शाळेत पोचवायला निघालात तर या इकडे.

असो. आता मी काय ठरवलंय ते सांगते, म्हणजे तुमचा जीव जरा खाली बसेल. दुपारची बातमी होऊ दे. तो जो कोण आलाय तो बोलेल. नियमाचं काही म्हणाला तर प्रश्नच मिटला. नाही म्हणाला — तरी बघू. बघू म्हणजे बघू, त्याचा अर्थ काढत बसू नका. ...तिकडे काय बघताय? काही नाही तिकडे. ताडपत्री आहे. भंगार झाकलंय पावसात गंजू नये म्हणून — भंगार गंजलं तर काय बिघडतं, बरोबर आहे तुमचं, मी खोटं बोलायला कच्ची आहे. बघितल्यातच ना? मग बघा. त्या गाड्या कागदावर मेल्यात. खऱ्या चालतात. ज्यांचा धूर जरा कमी होता, ज्यांचे मालक इथे या टायरवर बसून रडले, त्यांच्यात मी ओतलं नाही. शिपायाला माहीत आहे, तो कपाटाशिवाय कुणाशी बोलत नाही. आठवड्यातून एकदा एकेक चालू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. नियम सुटला की ज्याची त्याला देऊन टाकणार. बाहेर सगळे म्हणतात बाई दगड आहे. म्हणू दे, दगडाकडे कुणी चौकशीला येत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका. आणि सांगायचंच झालं तर सांगणार कुणाला? ऐकायला कुणीतरी खुर्चीवर तर हवं.

तर तुमचंही तसंच करू. किंवा त्यापेक्षा असं करू — बातमी झाली की ऑइल परत घालते, फाटक उघडते मागचं, गल्लीगल्लीने घरी जा. आज काही कुणी अडवायचं नाही, अडवणारे सगळे आपापल्या कंबरा धरून झोपलेत. चालेल? अहो, पाया काय पडताय, उठा. बसा. चहा घ्या, थंड झालाय, पण गोड आहे. शाळेची पोरं नेता ना तुम्ही? किती बसवता — नको, आकडा नको, मला कळला तर लिहावा लागेल. गच्च बसवता, एवढं पुरे. मागच्या बाकावर तर धुडगूस असेल. पोरांना मागचाच बाक हवा असतो, तिथे मास्तरही दिसत नाही आणि ड्रायव्हरही...

काय म्हणालात?

झोपतात. मागच्या बाकावरची. परत येताना ना? दमलेली असतात. ...जातानाही? दादा, सकाळी? आंघोळ करून, पोटभर खाऊन शाळेला निघालेली पोरं, सकाळच्या वेळी, मागच्या बाकावर बसून झोपतात? आणि पुढच्या बाकावरची भांडतात, गाणी म्हणतात, खोड्या काढतात? आणि मागची तेवढी शहाणी. उतरल्यावर एखादं ओकतं का? गाडी लागते म्हणता. डोकं दुखतं म्हणून रडतं? बरं. नाही, काही नाही, बसा तुम्ही. मी जरा मागचं दार उघडते.

ही चटई कुणी अंथरली? बायकोने. पोरांचे पाय गार पडू नयेत म्हणून. चांगली बाई आहे. हे या इकडे, बघा चटईखाली. पत्रा खाल्लाय गंजाने, खालची जमीन दिसतेय. ही कड बघा, बोट फिरवा. काजळी आहे. सायलेन्सरची नळी बरोबर याच्याखाली फुटलीय. मी सकाळी मागून धूर मोजला, मागून येतो तेवढा. हा कुठे मोजला मी? हा तर आत येतो. यात वासही फार नसतो हो, पोरांना कळतच नाही. ती झोपत नाहीत, दादा. झोप वेगळी असते.

तुम्हाला काय माहीत असणार. आम्हाला तरी कुठे माहीत होतं. आमच्या ह्यांचा टेम्पो होता, असाच, बोटीतून आलेला. मी पुढे बसायची, पोरगी मागे गोणपाटांवर. आडवी झाली की गाव येईपर्यंत हूं की चूं नाही. आम्ही कौतुक करायचो, दुसऱ्यांची पोरं बघा आणि आपली बघा, किती गुणाची. एकदा घरी पोचलो आणि उठवली तर उठेना. नाही, उठली — दवाखान्यात उठली. आता माझ्याएवढी उंच आहे. अंगाने छान आहे. वेणी मी घालते तिची, भात मी कालवून देते, आणि सांगून माझी पाठ वळली की पुन्हा विचारते, आपण गावाला कधी जायचं...

हे का सांगितलं मी तुम्हाला. मी कुणाला सांगत नाही.

नाही. पत्रा मारून आणतो, असं नका म्हणू. आमच्या ह्यांनीही मारला होता पत्रा, आदल्याच महिन्यात. तुम्ही मारालही, मग तो पुन्हा गंजेल, तोवर तुमची चटई असेलच. ...त्या ताडपत्रीखालची एक द्या? त्या लोकांच्या आहेत, दादा. माझ्या असत्या तर दिली असती, पण ती माणसं वाट बघतायत, तुमच्यासारखीच. मग खायचं काय, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्याचं उत्तर असतं माझ्याकडे तर मी इथे डबा घेऊन उभी असते का?

थांबा, बँड थांबला. तो बोलतोय. बंधूंनो, भगिनींनो — सगळ्यांचा आवाज सारखाच लागतो, नाही? शिपाईमामा, बंद करा तो. करा हो बंद. रद्द केला असेल त्याने नियम, असू दे, मला ऐकायचं नाही आता. ऐकलं तर मला तुमचं ऐकावं लागेल. तो येऊन विचारेल, कुणाच्या हुकमाने ओतलं, त्या दिवशी तर सरकारच नव्हतं. टाकू दे आत. पत्ते येतात मला.

माझा हात धरू नका, दादा. सांडलं तर चामडीला लागतं ते. बाजूला व्हा. ...हे गेलं. चावी फिरवा. नियमात मालकाने फिरवायची असं काही नाही, पण मी विचारते सगळ्यांना, काहींना हवं असतं. नको? द्या इकडे.

ऐका, किती चटकन लागली. चांगलं इंजिन आहे हो, मनापासून सांभाळलंत तुम्ही. खालचा पत्रा सोडून सगळं सांभाळलंत. मी पाय दाबून धरते, तुम्ही तिकडे बघा, रस्त्याकडे बघा — मी बोलत राहते ना, म्हणूनच बोलते मी, नुसतं ऐकत उभं राहिलं की माणसाला सहन होत नाही, एकाने चालत्या इंजिनात हात घातला होता. आता आवाज बदलेल. हा, हा बदलला. आता खडखडेल जरा. घाबरू नका, तिला काही कळत नाही. मागच्या बाकावर कोण कोण बसतं हो? नावं सांगा ना. मुली आहेत का त्यांच्यात? एक तुमचीच? तुमची कुठे बस...

झालं.

चावी ठेवा तुमच्याकडे, चावी कुणी मागत नाही. जा आता. आणि उद्या पोरांना पायी न्या. जागी राहतील.