लग्नाचा फोल्डर

केजला मी लग्नपत्रिका टाईप करायचो, तवाचं सांगतो. मेनूत फोल्डर निवडला, की त्याच फोल्डरात कमांड टाईप करायची काळी स्क्रीन उघडायची. जुन्या फायलींचा कचरा पुसायला म्हणून मी ती उघडली अन् सगळं पुसायची कमांड दिली. "नक्की का?" असं आलं, मी 'हो'चं वाय दाबलं. मग नीट बघितलं, तर फोल्डर लग्नाचा! समोर नवरीचा बाप. त्याच्या थोरल्या भावानं दोन घंटे बसून आपल्या मर्जीनं नावं वरखाली लावून घेतलती अन् आत्ताच धारूरला निघालता.

"काका, पत्रिका पुसली. सगळी नावं परत सांगावी लागतील."

काकांनी रस्त्याकडं बघितलं, खुर्ची जवळ ओढली.

"दादाची एसटी सुटली आसंल. आता साडूचं नाव वर घे."