चंद्रावरून मोडता मोडता जमलेलं लग्न

माझा जन्म धारचा. पणजोबा दरबारात कारकून, पुढे दरबार गेला, नानांकडे, मतलब माझ्या वडिलांकडे, एका देवळाची पूजा राहिली आणि सोवळं राहिलं. काय सांगू तुम्हाला, एवढा सोवळ्यातला माणूस, पण चंद्रावर माणूस उतरला हे रेडिओवर ऐकलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली त्यांनी. म्हणायचे, पुराणांत चंद्रलोकी जाऊन आलेले आहेतच, ह्यांनी नवीन काय केलं.

मला बघायला येईल त्या मुलाला नाना हेच विचारायचे, चंद्रावर माणूस गेला, तुमचं काय मत? सरदारपूरचा एक आला, हो हो म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर चपला घालताना सोबत्याला म्हणतो, बुढ्ढा खिसका हुआ है भिया. मी खिडकीतून ऐकलं. नानांना सांगितलं नाही, पण त्या मुलाला नकार दिला. वय वाढत चाललेलं, आई नवसावर नवस बोलायची.

मग हे आले. मूळचे खानदेशातले, देवासला कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. मी पोहे घेऊन बाहेर आले तर नानांचं विचारून झालेलं, आणि हे म्हणताहेत, नाही हो, मला नाही पटत, आमच्याकडे नवीन मशीन आलं की महिनाभर रडवतं, अन् ह्यांचं पहिल्याच खेपेला चंद्रावर उतरून परतही आलं? नाना लाल झाले. म्हणजे मी झूठ बोलतो? हे म्हणाले, तुम्ही नाही, रेडिओ. झालं! नाना उठले, उपरणं झटकलं, म्हणाले, पोहे खा आणि या.

मला हा माणूस आवडला होता, सरळ सांगते, आता लाज कसली. बशी हातात तशीच, मी म्हटलं, नाना, सरदारपूरचा तुमच्या तोंडावर हो म्हणाला आणि ओट्यावर जाऊन तुम्हाला वेडा म्हणाला, हे बोलले ते तुमच्यासमोर बोलले, मला ह्यांच्याच घरी द्या. बापरे, मुलीची जात आणि अशी बोलली! आईनं पदर तोंडाला लावला. नानांनी झटकलेलं उपरणं परत खांद्यावर घेतलं. मग खाली बसले आणि म्हणाले, पोहे गार होताहेत जावईबापू, घ्या, पण ऐका, ते गेले होते.

नाना होते तोवर दर दिवाळीला सासरा-जावयाचं हेच चालायचं, आणि नाना गेले तेव्हा सगळ्यांत जास्त हेच रडले. मागे आपला माणूस अंतराळात जाऊन आला तर म्हणाले, हा गेला असेल, हा आपला आहे. पण चंद्राचं अजून नाहीच. मी नाही पडत त्यात. ते चंद्रावर गेले असोत की नसोत, मी धारहून देवासला आले आणि सुखात आहे. असंच माझ्या मुलींना लाभो, तुमच्याही मुलींना लाभो.