अंबूताईंनी विचारलं ते

(हुबळी, दाजीबानपेठ. साड्यांच्या दुकानात हणमंतराव आणि त्यांची माहेरी आलेली मुलगी वैशाली. अंबूताई आत्ताच पायऱ्या उतरून गेल्यात.)

हणमंतराव : घेतला एक ब्लाउजपीस आणि चौकशा शंभर. लेक कधी आली, जावई का नाही आले, किती दिवस राहणार. भोचक बाई!

वैशाली : आईलाही तुम्ही हेच म्हणायचात, अप्पा.

हणमंतराव : म्हणायचो. साडी उलगडायच्या आधी तिला सगळं हवं असायचं. लग्न कुणाचं, मुलगी कुठं दिली, सासू कशी आहे.

वैशाली : आणि तुम्ही गिऱ्हाइकांसमोर कानडीत दटावायचात, "सुम्मनिरु, गप्प बस!" जसं काही हुबळीत कानडी कुणाला कळतच नाही.

हणमंतराव : बायका हसायच्या. ती नाही हसायची.

वैशाली : मागं शाळेत 'क्युरिऑसिटी' शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, कुतूहल. मग कोशात पाहिलं, तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी.

हणमंतराव : काळजी? तिचा इथं काय संबंध?

वैशाली : ज्याची काळजी असते, त्याच्याबद्दल माणूस विचारतो. मी मुलांना असंच सांगितलं.

हणमंतराव : हे तुझ्या आईला सांगायला हवं होतंस. नाही, मला सांगायला हवं होतंस. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, सुधारली.

वैशाली : अप्पा...

हणमंतराव : शेवटच्या दुखण्यात डॉक्टर समोर बसलेले. स्वतःला काय झालंय, तेसुद्धा विचारलं नाही तिनं. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

वैशाली : मग तुम्ही विचारायचंत.

हणमंतराव : मला कुठं सवय होती?

वैशाली : अजून कुठं आहे? शाळा चालू असताना बेळगावहून एकटी आले, ट्रंक घेऊन. एसटीडीवरून "येते" म्हटलं, तुम्ही "बरं" म्हणालात. तेव्हापासून रोज एकच, चहा झाला का.

हणमंतराव : विचारलं तर तुला टोचेल, असं वाटलं गं.

वैशाली : आईनं स्टेशनवरच विचारलं असतं.

हणमंतराव : रिक्षावाल्यासमोर विचारलं असतं!

वैशाली : आणि तुम्ही तिला गप्प केलं असतंत.

हणमंतराव : केलं असतं.

वैशाली : त्या निळ्या साडीची घडी उलटी पडली.

हणमंतराव : राहू दे ती. वैशाली, काय झालं बेळगावला?

वैशाली : आधी शटर ओढा, अप्पा.