आसाराम गाडीवरून पडला नाही

पोलीस ठाणे नेवासे, दिनांक ६ एप्रिल १९७१

मी, मालनबाई भ्र. रामभाऊ भवार, वय अंदाजे ४८ वर्षे, धंदा शेती, राहणार शनिशिंगणापूर, तालुका नेवासे, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी व माझा मुलगा आसाराम, वय २३, असे दोघे राहत होतो. माझे पती साप चावून वारले त्यास बरीच वर्षे झाली. मला शाळा नाही. मुलाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. मुलगी पुष्पावती सोनईच्या गहिनीनाथ दगडू निमसे यांना दिलेली आहे. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. गहिनीनाथ यांच्याकडे बुलेट मोटारसायकल होती. ती त्यांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतली होती. गाडीची देखभाल आसाराम करीत असे. गहिनीनाथ हे माझे जावई आहेत म्हणून मी त्यांना अहो-जाहो बोलते. त्यावरून माझे सांगणे सौम्य समजू नये.

नेपाळात काठमांडू येथे मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरणार, देशोदेशीचे लोक गाड्या घेऊन येणार, असे गहिनीनाथ यांनी वर्तमानपत्रात वाचले. ते, त्यांचे मित्र भीमा कराळे व सोनईचे आणखी एक जण, अशा तीन गाड्या फेब्रुवारी महिन्यात निघाल्या. गहिनीनाथ यांच्या मागे माझा मुलगा बसला. निघताना सगळे आमच्या गावी आले व त्यांनी शनिदेवाला तेल वाहिले. पुष्पावतीने गाड्यांना हळदकुंकू लावले. मी बाजूला उभी होते. गहिनीनाथ मला म्हणाले, "मामी, लेक परदेशी चाललाय. गोरी सून आणली तर घरात घ्याल का?" मी म्हणाले, "आधी तिला चूल पेटवता येती का बघीन." त्यावर सगळे हसले. त्या वेळी दोघांत काही वाद नव्हता. आसाराम त्यांना दाजी म्हणे व त्यांच्या शब्दाबाहेर नसे.

काठमांडूहून आसारामचे कार्ड आले. मेळ्यात दाढीवाले जर्मन लोक भेटले, त्यांनी आमच्या बुलेटचा फोटो काढला, दाजी फार खूश आहेत, बर्फाचा डोंगर लांबून पिंजलेल्या कापसासारखा दिसतो, असा मजकूर होता.

त्यानंतरची हकिकत आसारामने परत आल्यावर मला सांगितली. शेवटच्या दिवशी सर्वांत लांबून आलेल्या गाड्यांच्या मालकांना मंचावर बोलावून हार घातले. गहिनीनाथ यांना बोलावले तेव्हा गाडी आसारामच्या ताब्यात होती. गाडीला बांधायची लोखंडी साखळी व कुलूप आसारामच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. आसाराम दाजींचा हार बघायला गर्दीत पुढे गेला. परत आला तेव्हा जागेवर गाडी नव्हती. मी त्याला विचारले, "कुलूप का लावलं नाही?" तो म्हणाला, "आई, ध्यानातच आलं न्हाई. आपण ठेवून जातो तसा गेलो." आमच्या गावात घरांना दारे नाहीत व कुलूप कोणी वापरत नाही हे सर्वांना माहीत आहे. माझ्या मुलाने जन्मात कशाला कुलूप लावलेले नव्हते.

गहिनीनाथ यांनी त्याला तेथेच मैदानात सर्वांदेखत लाथा घातल्या. हार त्यांच्या गळ्यात होता. गाडी घेऊन ये, नाहीतर येऊ नको, असे सांगून पिशवी काढून घेतली व त्याला तेथेच सोडले. आसाराम धर्मशाळेत राहून गाडी शोधत होता. गाडी मिळाली नाही.

सोनईत दोन गाड्यांची वाजतगाजत मिरवणूक निघाली. गहिनीनाथ एस.टी.ने उतरले. स्टँडवर लोकांनी त्यांना विचारले, "काय पाटील, बुलेट नेपाळच्या राजाला आहेर केली काय?" पोरे त्यांना पाहून तोंडाने मोटारसायकलचा आवाज काढीत. हे मला पुष्पावतीने सांगितले. ते घरातून बाहेर पडत नव्हते व तिला मारीत होते, हेही सांगितले.

शनिवार दिनांक ३ रोजी संध्याकाळी आसाराम घरी आला. अंगात ताप होता. त्याने भाकरी खाल्ली व झोपला. रविवारी सकाळी मी जनावरांचे शेण काढीत असताना भीमा कराळे यांची जावा मोटारसायकल अंगणात आली. मागे गहिनीनाथ बसले होते. त्यांच्या हातात गाडीची तीच साखळी व कुलूप होते. मी म्हणाले, "या पाव्हणं, बसा. तो निजलाय." ते चौकटीतून सरळ आत गेले.

मी मागे गेले तेव्हा ते आसारामला केस धरून उठवीत होते. ते म्हणाले, "हे बघ. याला कुलूप म्हणत्यात. बघितलं का कधी?" त्यांनी कुलूप मुठीत धरून त्याच्या तोंडावर मारले. दात पडले. आसाराम म्हणाला, "दाजी, चुकलं." त्यांनी साखळी दुमडून त्याच्या पाठीवर, डोक्यावर व हातांवर मारली. त्याने हात उचलला नाही. मी मध्ये पडले तेव्हा भीमा यांनी मला धरून चुलीकडे ढकलले. माझ्या उजव्या मनगटाला भाजले आहे, ते दाखवते. शेजारचे लोक जमले. भीमा चौकटीत उभे राहून म्हणाले, "मेव्हण्या-मेव्हण्याचं हाय. घरचा मामला. कुणी आत यायचं न्हाई." कोणी आले नाही.

तेवढ्यात पुष्पावती सोनईहून पायी पळत आली. तिने नवऱ्याचे पाय धरले. त्यांनी तिला पायाने बाजूला केले. मग आसारामला बसवून, साखळीचे दोन वेढे त्याच्या छातीवरून व गळ्याखालून घेऊन, त्याला घराच्या मधल्या खांबाला बांधले व कुलूप लावले. म्हणाले, "आता शिकंल." किल्ली खिशात टाकली. तेथून ते दोघे शनीच्या चौथऱ्याजवळच्या हॉटेलात जाऊन चहा पीत बसले.

आसारामच्या कानातून रक्त येत होते. तो मला म्हणाला, "आई, जरा सैल कर." मी ओढून पाहिले. साखळी सैल होईना. माझे दीर छगन भवार यांनी पहार आणली, पण पहार घातली की साखळी गळ्याला बसे. खांब काढावा तर माळवद खाली येईल. लोहार घोडेगावी गेला होता. गावात कोणाला कुलूप उघडायची रीत माहीत नव्हती. एकाने चुलीतली सळई घालून पाहिली. आसारामला दोनदा उलटी झाली. मी त्याचे डोके धरून बसले.

पुष्पावती हॉटेलकडे गेली व बऱ्याच वेळाने किल्ली घेऊन आली. तिच्या हातावर चावल्याचे दातांचे व्रण होते. किल्ली कशी मिळवली हे मी विचारले नाही. तिने कुलूप काढले. तोवर आसाराम बोलायचा थांबला होता.

छगन यांनी जीप आणली. नगरच्या दवाखान्यात आसाराम सोमवारी पहाटे मयत झाला. दवाखान्यात छगन यांनी मोटारसायकलवरून पडून मार लागला असे सांगितले. मी त्यांना बाजूला घेतले. ते म्हणाले, "वहिनी, आसा गेला. तो काय परत येत न्हाई. आता पुष्पीचं कुंकू तुमच्या हातानं पुसता काय? पोरीच्या पोरीनं कुठं जायचं?"

मी म्हणाले, "भावजी, आसा कंच्या गाडीवरून पडला? गाडी तर नेपाळातच राहिली."

ते म्हणाले, "तुमी एकट्या राहून काढलेत दिवस. तुमाला तरी कळाया पाहिजे."

मला कळते. म्हणूनच दोन दिवस मी ठाण्यात आले नव्हते. आसारामला सोमवारी अग्नी दिला. त्याला आंघोळ घालताना छातीवर साखळीच्या कड्या एकामागे एक उमटलेल्या मी पाहिल्या. गाडीवरून पडल्याने तसे होत नाही. माझ्या मुलास गहिनीनाथ दगडू निमसे यांनी मारले व भीमा कराळे यांनी त्यांना मदत केली, अशी माझी फिर्याद आहे. साखळी व कुलूप हजर केले आहे.

पुष्पावती माझ्याबरोबर आली असून ठाण्याच्या ओसरीवर बसली आहे. मी काय सांगणार ते मी तिला वाटेत सांगितले. ती म्हणाली, "आई, तू तुझं सांग." ती काय सांगेल मला माहीत नाही. तिने काहीही सांगितले तरी ते तिच्या शब्दांत लिहून घ्यावे व तिला खोटे ठरवण्यासाठी मला पुन्हा बोलावू नये. तिचा जबाब माझ्यासमोर घेऊ नये. ती येथून सोनईला जाते म्हणाली तर जाऊ द्यावे. माझ्या घरी येते म्हणाली तर मी फाटकाबाहेर थांबून असेन.

हवालदार हा जबाब मोठ्याने वाचून दाखवू लागले. मुलगी बाहेर आहे म्हणून मी कागद मागून घेतला व मनातल्या मनात वाचला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. त्यात काही कमी करायचे नाही.

सही,
मालनबाई रामभाऊ भवार