उसाच्या बांधावर गॉथिक

हसू नका, पण माझ्या विषयाचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला, आणि तोही आमच्या गावी, आळ्याला, आमच्या उसाच्या बांधावर. मी गॉथिक शिकवतो. जर्मनची चुलतपणजी म्हणा; ती बोलणारं एकही माणूस आता उरलेलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी आणि माझे चुलते, तात्या, विहिरीवरची मोटार बंद करायला निघालो होतो. दहा पावलांवर बिबट्या उसातून बाहेर आला आणि बांधावर दबा धरून बसला. मी मटकन खाली बसणार, तोच तात्यांनी माझी कॉलर धरली.

"वाकू नको! बुटकं दिसलं की झेप घेतोय. उभा राहा आन् मोठ्यानं बोल."

"काय बोलू?"

"कायबी! पन गप राहू नको!"

मराठी एक शब्द सुचेना. वीस वर्षं वर्गात घोकलेली गॉथिक प्रार्थना तेवढी जिभेवर आली, तीच ओरडून म्हणत सुटलो. बिबट्यानं कान टवकारले, माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग सावकाश उठला आणि उसात शिरला.

तात्यांनी घाम पुसला. "ही भाषा समजणारं कुनी न्हाई म्हनतोस ना?"

"शेकडो वर्षं झाली, तात्या."

"मंग येवढ्या वर्सांनी एक ऐकणारा गावला व्हता. त्योबी मधीच उठून गेला."