डाव्या बाजूची जागा

मी मूळची बीड जिल्ह्यातल्या कडा गावाजवळच्या एका वाडीची. आई-बाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि आम्ही दोघी बहिणी, त्यातली एक कामाला आणि एक शाळेला, असं कुणी बसून ठरवलं नव्हतं पण झालं तसंच. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायची आणि मी वसतिगृहात गोष्टीची पुस्तकं वाचायची. पुढं मी बीडला एका शाळेत ग्रंथपाल झाले, लग्न केलं नाही, आणि अक्का मला शेवटपर्यंत मास्तरीणबाई म्हणायची. अगं मी शिकवत नाही, पुस्तकं देते, असं सांगितलं की म्हणायची, एकच की, बसूनच पगार घेती ना.

काय सांगू तुम्हाला, एकदा ती त्या फळीवरून मोळीसकट पडली. उजवा खुबा सरकला. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ओढून बसवला आणि अक्कानं तोंडातून आवाज काढला नाही, म्हणून आमच्याकडं त्याचं लई कौतुक झालं. ओरडलं की गुण येत नाही म्हणतात आमच्यात. गुण तसाही आला नाही, ती जन्मभर तो पाय ओढतच चालली. पुढं दाजी गेल्यावर ती आणि तिची पोरगी मनीषा माझ्याकडंच राहायला आल्या. मग चार वर्षं आम्ही दोघी बहिणी रोज बरोबर चाललो, दवाखाना, भाजी, चतुर्थीला लिंबागणेशचा गणपती, ती माझ्या डाव्या अंगाला, तिचा हात माझ्या खांद्यावर. गेल्या पौषात ती गेली. दोन दिवसांचा ताप, बास.

त्यानंतर माझी कंबर धरली. खाली बसता येईना, सगळ्यात खालच्या फळीवरचं पुस्तक काढता येईना. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, हाडात काही नाही. मग मनीषानं एक रेश्माताई शोधून काढल्या, गेवराईकडच्या, वयानं मनीषाएवढ्याच. फिजिओथेरपी शिकलेल्या आणि नंतर पुण्याला हे हातानं अंग सोडवण्याचं आणि हालचालीचं शिकून आलेल्या. मी नको म्हणत होते. मनीषा म्हणाली, मावशे, चल गुमान, नाहीतर वर्षभरात आईची काठी तुझ्या हातात.

मला वाटलं तेल असेल, चोळणं असेल, कडकड हाडं मोडणं असेल. तसलं काहीच नव्हतं. साधी खोली, एक रुंद बाक, खाली सतरंजी. सैल कपडे घालून या, पोटभर जेवून येऊ नका, एवढंच आधी सांगितलं होतं. आधी अर्धा तास नुसतं विचारणं, कुठं पडलात का, ऑपरेशन झालं का, झोप कशी लागते. मग त्यांनी विचारलं, पाठीला हात लावू का. आजवर नर्सनं, डॉक्टरनं, बसमधल्या गर्दीनं, सगळ्यांनी हात लावला, पण विचारलं कुणी नव्हतं. मी हो म्हणाले.

हात एका जागी ठेवायचा आणि थांबायचं, अशी त्यांची पद्धत. कधी बोटं, कधी कोपर, पण घाई नाही. दुखलं की सांगा, मी थांबेन, म्हणाल्या. मी कशाला सांगते. दात आवळून पडून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हातच काढून घेतला. म्हणाल्या, ताई, तुमचा श्वास थांबलाय, इथं सोसायचं नसतं, सोसलं की अंग आणखी आवळतं आणि माझ्या हाताला काही कळत नाही. आमच्या घरात सगळ्यांना एकच गोष्ट चांगली येत होती, सोसणं, आणि ही पोरगी म्हणते ते इथं चालत नाही.

मग त्या म्हणाल्या, जरा भिंतीपर्यंत चालून दाखवा. त्यांनी विचारून मोबाईलवर ते चालणं घेतलं. दोनदा बघितलं आणि मला विचारलं, तुम्ही कुणाला धरून चालता का. मी म्हटलं, नाही, एकटीच तर चालते. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

मी बघितलं. डावा खांदा खाली दाबलेला, कुणी त्यावर भार टाकल्यासारखा. डावा हात अंगापासून लांब, मधे एका माणसाची जागा. आणि प्रत्येक पाऊल टाकल्यावर मी थांबत होते. एक पाऊल, थांबणं. एक पाऊल, थांबणं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय येऊन पोचेपर्यंत. पाच महिने झाले होते अक्काला जाऊन, आणि मी रस्त्यानं सगळ्यांदेखत तिला धरून चालत होते आणि मला पत्ता नव्हता. रेश्माताई हळूच म्हणाल्या, हे सुटेल, वेळ लागेल, पण सुटेल. ते सुटेल ऐकून मी आणखीच हबकले. मी चप्पल घातली आणि निघून आले.

तीन आठवडे मी तिकडं गेलेच नाही. कंबर दुखायची, दुखू दे म्हटलं. तेवढीच एक जागा होती अक्काची, ती कुणाच्या हातानं मोडून घ्यायची माझी तयारी नव्हती. शेवटी मनीषाला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, मावशे, तुला आठवतं का ती काय म्हणायची. रोज चिडायची तुझ्यावर. मास्तरीणबाई, तू व्हय पुढं, माझ्या पायी तुझं चालणं नासवू नको, मी येती मागून. तू एक दिवस ऐकलं न्हाईस तिचं. ती हाय तवर ऐकलं न्हाईस, आता तरी ऐक.

खरं होतं. रोज म्हणायची. मला ते प्रेमानं चिडणं वाटायचं. तिला खरंच वाटत होतं की मी पुढं जावं, हे कळायला मला तव्यावरची भाकरी करपेपर्यंत वेळ लागला.

मी परत गेले. आता दर गुरुवारी जाते. दुखलं की दुखतंय म्हणते, पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लाज वाटली. नंतर सतरंजीवर उताणं पडून दोन्ही गुडघे इकडं, मग तिकडं, इतकं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं बाई झोपलीय. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, पाणी भरपूर प्यायचं, मग हलकं होतं. परवा खालच्या फळीवरचं पुस्तक काढलं.

त्या पोरीच्या हाताला यश येवो. आता मी न थांबता चालते. शाळेतून घरी पूर्वीपेक्षा लवकर पोचते, मनीषा यायच्या आधीच कुलूप काढते, आणि तो उरलेला वेळ कुठं ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.