गेममधली आई

फ्रेमच्या दुकानातले काका काच पुसत होते, पण कान मात्र गल्ल्यापलीकडच्या मायलेकींकडे लागले होते.

"शाळेच्या प्रदर्शनात माझं चित्र लावणार तू? तेही त्या व्हिडिओ गेममधलं?"

"गेममधलं आपलं घर मीच बांधलंय. तू, बाबा, मी, सगळे राहतो तिथे."

"आणि मी तिथे चित्रं काढत बसते? मग भांडी कोण घासतं?"

"बाबा."

"बरा आहे की गेम!"

"अगं, मी तुला सारखी स्वयंपाकघरात पाठवते. पण जरा मोकळं सोडलं, की तू आपली आपण ब्रश घेऊन बसतेस. त्यावरूनच तर हे पेन्सिलचं चित्र सुचलं."

"लोक हसतील गं मला."

"हसू देत. पहिलं बक्षीस माझंच आहे."

"तोंड बघा हिचं! आण इकडे, नीट बघू दे. हे काय, ब्रश उजव्या हातात?"

"गेममध्ये सगळेच उजव्या हाताने काढतात."

"ही बाई गेमची आहे, की मी आहे?"

"तू."

"मग मी डावखुरी आहे. बदल तो हात. काका, खोडरबर आहे का हो? आणि फ्रेम चांगली रुंद लावा."